तीन कसब्यांचा एकोपा आणि पानमळ्याचा अंत

श्री. नदीस नमन, नदीकाठच्या दैवतांस नमन, आणि जे हे वाचतील त्यांच्या धीरास नमन. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सरी, एका मुलखी तीन कसब्यांनी एकोपा करून पाहुण्यांचा कारभार एके जागी केला, त्याचे फळ काय जाहले ते साद्यंत लिहावे ऐसी कोणाची आज्ञा नाही. आज्ञा करणारे आपल्या कामात आहेत. परंतु ज्याणे डोळां पाहिले त्यास उगे राहवत नाही, म्हणोन लिहिले असे. मुलखाचे नाव पुसू नये, आणि लिहिणाराचे तर मुळीच पुसू नये.

तर त्या मुलखी एक नदी, आणि नदीवरी पूर्वजांनी घातलेला दगडी बंधारा, आणि बंधाऱ्यापासून निघालेला पाट. पाटाच्या तोंडाशी वरचा कसबा, मध्यावर मधला कसबा, आणि पाट जेथे सरतो तेथे शेवटला कसबा. तिन्ही ठिकाणचे कारभारी रयतेने मते देऊन बसविलेले. वरच्याचे मुकुंदराव झेंडे, बोलण्यात पटाईत, इस्त्रीच्या कपड्यांचे शौकीन, मनाचे वाईट नव्हेत. मधल्याच्या शालिनीताई बोरसे, बहुत कष्टाळू, उठल्यापासोन पायांस भिंगरी. शेवटल्याचे सुकलाल बारी, त्यांस लहानथोर सारे नाना म्हणत. नानांचा पिढीजात पानमळा, आणि त्या कसब्यात ज्याचा पानमळा नाही ऐसे घर शोधावे लागे. पाण्याची रीत ऐसी की पाटास पाणी सोडले म्हणजे आधी शेवटल्या कसब्याने घ्यावे, मग मधल्याने, मग वरच्याने. कारण जो तोंडाशी बसला त्यास पाणी कधीही मिळते, जो शेवटी बसला त्याची चिंता आधी करावी. ही रीत राखणारा एक पाटकरी असे, त्याचे नाव भिला. दारे उघडणे, बंद करणे, कोणाचे किती भिजले हे पाहणे, हे त्याचे काम, आणि त्याच्या शब्दापुढे तिन्ही कारभारी बोलत नसत.

पाहुणे त्या मुलखी पूर्वीपासोन येत. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पाहावे, मधल्या कसब्यात जेवावे, राहावे, आणि शेवटल्यात पानमळ्याच्या गारव्यास बसून ताज्या पानाचा विडा खावा, ऐसा क्रम. परंतु तीन कसब्यांचे तीन नाके होते. मोटार पहिल्या नाक्यास आली की पट्टीची पावती, दुसऱ्यास आली की दुसरी पावती, आणि तिसऱ्याचे नाव ऐकताच पाहुणा गाडी फिरवून शहरास परत. वसूल जाहलेल्या पट्टीतून तिघांनी तीन स्वागतकमानी उभारल्या. एकाची कमान हातभर उंच जाहली म्हणोन दुसऱ्याने आपली पाडून पुन्हा बांधिली, आणि कमानीखालच्या रस्त्यास खड्डे ऐसे की गरोदर बाईने त्या वाटेस जाऊ नये. मग शालिनीताईंनी पुढाकार घेतला आणि दोघां कारभाऱ्यांस घरी बोलावून, आमरसाचे जेवण घालून, समजाविले की आपण तिघे एकमेकांचे पाहुणे पळवितो आणि पाहुणा तिघांसही सोडून जातो. ते दोघांस पटले. मग त्रिकसबा मंडळ स्थापन जाहले, आणि एक नाका, एक पावती, आणि जमेल ती पाहुणपट्टी तिघांनी मिळून खर्चावी ऐसे ठरले.

येथे खोटे लिहू नये. पहिले आठ महिने कारभार उत्तम जाहला. रस्ता जाहला, बायकांसाठी स्वच्छ मोऱ्या जाहल्या, कचऱ्याचे पिंप ठेविले, वाट दाखविणाऱ्या पाट्या लागल्या आणि त्या बरोबर दिशेस लागल्या. मधल्या कसब्यात खोल्या कमी पडो लागल्या. शहरास गेलेली पोरे परत येऊन चहाची, भजीची दुकाने मांडती जाहली. शेवटल्या कसब्यातही रविवारी पन्नास पन्नास मोटारी लागत, आणि नाना प्रत्येक पाहुण्यास पान कसे पाहावे, कसे पुसावे, चुना किती लावावा हे सांगत बसत. त्या दिवसांत तिघे कारभारी एकमेकांच्या घरच्या लग्नकार्यांत यजमानासारखे राबले. लिहिणाराने आपल्या आयुष्यात ऐसा एकोपा दुसरा पाहिला नाही.

मग माघ मास आला. नदी उतरली, आणि रीतीप्रमाणे भिलाने पाटाची दारे उघडिली, त्याबरोबर बंधाऱ्यावरून पडणारे पाणी बंद जाहले. दरसाल ऐसेच होते. परंतु आता पाहुणे माघातही येत होते, आणि कोरडी भिंत पाहून मोबाइलवर लिहीत होते की येथे काही नाही, पट्टी फुकट गेली, कोणी येऊ नये. मंडळाने शहरातून एक सल्लागार आणविला होता, त्याने पडद्यावर चढत्या आणि उतरत्या रेघा दाखविल्या आणि मसलत दिली की शनिवारी व रविवारी पाटाची दारे बंद ठेवावी, पाणी भिंतीवरून पडू द्यावे, पाच दिवस शेतीस आणि दोन दिवस पाहुण्यांस. ऐकण्यास हे न्यायाचे वाटले. भिलाने मंडळापुढे येऊन सांगितले की दोन दिवस पाट कोरडा पडला म्हणजे सोमवारचे पाणी पाटाची मातीच पिते, शेवटल्यास पोहोचता बुधवार उजाडतो, आणि शनिवारी पुन्हा बंद. पानवेल उन्हाळ्यात तीन दिवसांपलीकडे पाण्यावाचून राहात नाही. सल्लागाराने पुसले की शनिवार-रविवारच्या आधी भरपूर पाणी देऊन ठेवले तर नाही का चालणार. भिला त्याजकडे न पाहता नानांस म्हणाला, "नाना, वेलाला शनिवार-रविवार कळत नाही."

आता त्या तीन कसब्यांची आणखी एक रीत येथे लिहिली पाहिजे. तेथे कोणताही ठराव हात वर करून होत नसे. तबकात विडे मांडीत, आणि तिघां कारभाऱ्यांनी विडा घेतला म्हणजे ठराव जाहला. मग तो वाचावा आणि वहीत लिहावा. विड्याचे पान शेवटल्या कसब्याचे, आणि विडे बांधावे शेवटल्याच्या कारभाऱ्याने स्वहस्ते, आणि पहिला विडा त्याणेच खावा. कारण आपल्या मळ्याचे पान आपण आधी न खाता दुसऱ्यापुढे करणे म्हणजे पानात खोट आहे ऐसे चारचौघांत कबूल करणे. रीत मोठ्या अदबीची. परंतु तीत एक गोष्ट कोणी कधी पाहिली नव्हती, ती ही की ज्याने विडा बांधावा त्यासच नाही म्हणावयास जागा नाही. त्याआधी अकरा ठराव जाहले, अकरांतही नाही म्हणण्याचे कारण पडले नाही, म्हणोन कोणास कळले नाही.

त्या दिवशी नाना रीतीप्रमाणे विडे बांधून बसले होते. भिलाचे बोलणे जाहल्यावर मुकुंदराव घड्याळ पाहून हसले आणि म्हणाले की नाना, तबक सरकवा, पान सुकून जाईल. त्यांच्या मनी कपट नव्हते, त्यांस पुढच्या कार्यास जाणे होते. शालिनीताईंनी नानांकडे पाहिले आणि खाली पाहिले. भिला दाराशी उभा राहून मान हलवीत होता. नानांचा हात तबकावर थबकला, तो सर्वांनी पाहिला. मग ते म्हणाले, "एक हंगाम बघू," आणि पहिला विडा उचलून तोंडात घातला. पाठोपाठ दोघांनी घेतले. मग ठराव वाचण्यात आला, आणि त्यात एक हंगाम हे शब्द नव्हते, कायमचे ऐसे होते. नानांनी मान वर करून काही सांगू पाहिले, परंतु तोंड विड्याने भरलेले, आणि तेथे थुंकणे त्यांच्या शीलास सोसणारे नव्हे. ते चावीत राहिले, आणि त्यांचे चावणे संपण्याआधी, मंडळाची वही ज्याच्या हाती होती त्या या लिहिणाराने ठराव वहीत लिहून रेघ मारिली. ती लेखणी घटकाभर थांबविता आली असती. थांबविली नाही, आणि त्याचे दुःख आजही जात नाही.

मग शोभननाम संवत्सर लागले आणि खरोखर मोठी शोभा जाहली. शनिवार-रविवार बंधाऱ्यावरून पाणी पडू लागले, पाहुण्यांची झुंबड उडाली, आणि ज्या आठवड्यात सण आला त्या आठवड्यात मधलेही दोन दिवस दारे बंद राहो लागली. चैत्राच्या अखेरीस शेवटल्या कसब्यातील पाने पिवळी पडली. वैशाखात एके रविवारी भरदुपारी भिलाने कोणास न पुसता दारे उघडिली. भिंतीवरील पाणी थांबले, आणि ओले होण्यास आलेले दोनशे पाहुणे ओरडू लागले. मंडळाने भिलास बोलावून, नारळ-शाल देऊन, कामावरून मोकळे केले, आणि दारांस कुलूप घालून किल्ली वरच्या कसब्याच्या कचेरीत ठेविली. भिलाने शाल घेतली नाही. तो लेकीच्या गावी गेला आणि पुन्हा त्या पाटावर दिसला नाही.

मग नाना मंडळाकडे गेले. तेथे त्यांचे ऐकून घेण्यात आले, हे खरे. शालिनीताईंचे डोळे भरले, मुकुंदरावांनी स्वतः खुर्ची दिली, आणि पाहुणपट्टीतून दररोज पाण्याचे दोन टँकर शेवटल्या कसब्यास द्यावे ऐसा हुकूम तत्काळ निघाला. टँकर निघाले. परंतु नवा रस्ता पाहुण्यांच्या मोटारींनी ऐसा भरला होता की सकाळचा टँकर मधल्या कसब्याच्या बाजारात अडकला, आणि तीन प्रहर तेथे उभा राहून, चालक कंटाळून, पाणी एका खानावळीच्या टाकीत रिते करून परत गेला. दुसरे दिवशी तैसेच. तिसरे दिवशी टँकर पोहोचला, तेव्हा नानांनी बादलीने वेलांच्या मुळांशी पाणी घातले, आणि वेल हातात धरून पाहिला, तो काडीसारखा मोडला. तेव्हा त्यांच्या पत्नी सरूबाई बांधावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पान तुमचंच होतं. नको म्हणायचं तोंडही तुमचंच होतं." नाना बादली उचलून पुढच्या वेलाकडे गेले, आणि सरूबाई पुन्हा त्याविषयी कधी बोलल्या नाहीत.

मृगास एकही मळा हिरवा राहिला नव्हता. पानवेल एकदा गेली म्हणजे लावून हाती येण्यास वर्षे लागतात, आणि पाणी तर तैसेच कुलपात. मग शेवटल्या कसब्याची तरणी माणसे मधल्या कसब्यात खोल्या झाडावयास आणि ताटे मांडावयास गेली. पगार वेळच्या वेळी मिळे, तक्रार कशाची करावी. मंडळाच्या वार्षिक सभेत सल्लागाराने पुन्हा पडद्यावर रेघा दाखविल्या, साऱ्या चढत्या. फक्त एक उणीव निघाली, की पाहुणे अजूनही पानमळा कोठे आहे ऐसे पुसतात. त्यावर बहुत विचार होऊन ठरले की शेवटल्या कसब्यावर अन्याय होऊ नये, त्यासही काही आकर्षण द्यावे, आणि पाहुणपट्टीतून नानांच्याच जमिनीवर पानमळा उभारावा. तो मार्गशीर्षात उभा राहिला. लोखंडी खांब, त्यांवर प्लास्टिकचे वेल, पाने धुता येणारी, वरून बारीक तुषार, आणि दाराशी दुकान. दुकानात विड्याची पाने परमुलखाहून बर्फाच्या पेटीत येऊ लागली. नानांस डोईस फेटा आणि दरमहा पगार देऊन तेथे पाहुण्यांस मळा दाखविण्याच्या कामी नेमिले. त्यांनी नेमणूक घेतली. घरी दुसरे काय होते.

त्या मुलखी पानमळ्यात पायताण घालून जात नसत. वेल म्हणजे देवता, तिला विटाळ चालत नाही. एकदा खासा जिल्ह्याचा मोठा साहेब आला, तेव्हा नानांच्या वडिलांनी त्यास बांधावर थांबवून बूट काढावयास लाविले होते, आणि ही गोष्ट कसब्यात अभिमानाने सांगत. नव्या मळ्याच्या उद्घाटनानंतर आठव्या दिवशी शहराहून एक गृहस्थ आपली आई घेऊन आले. ती म्हातारी जाणती होती. दाराशी येताच ती खाली बसली, आणि आपल्या चपला काढू लागली, आणि लेकासही म्हणाली की बूट काढ, आत वेल आहे. लेक वाकून नाडी सोडू लागला. नाना फेटा बांधून उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "राहू द्या साहेब. आई, तुम्हीपण घाला चपला. आता चालतं."

म्हातारीने त्यांच्या पायांकडे पाहिले. नानांच्या पायांत मंडळाने दिलेले बूट होते.

इतका मजकूर. तीन कसब्यांनी एकोपा केला तो खरा केला, कोणी कोणास फसविले नाही, पट्टीचा पैसा कोणी खाल्ला नाही, पाहुणे वाढले, रस्ते उत्तम आहेत. नकाशावर तीन कसबे आहेत, नांदते दोन आहेत. जैसे घडले तैसे लिहिले. लिहिणाराचा हात त्यात होता, तोही लिहिला. पुढे लिहिण्याजोगे त्या मुलखी काही उरले नाही.