लूसीच्या मापाची रायफल

"आज डीनचं तोंड कायमचं बंद करतो!" हर्बर्टने नेमबाजीच्या क्लबात पोचेपर्यंत तीनदा बजावलं. गाडीत तो एकटाच होता!

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये हर्बर्टचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान. बायको लूसी वारल्यापासून तो स्क्रू पिळतानाही भांडायचा. गाडीतली रायफल त्याने तिच्यासाठीच जुळवायला घेतली होती. मधली यंत्रणा जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलची, नळी स्वीडिश सैन्याची, नेम धरायची पट्टी स्विस. लाकडी दस्ता मात्र लूसीच्या खांद्याच्या मापाने आखूड कापलेला. रायफल पुरी झाली तेव्हा लूसी नव्हती. आज तिच्या नावाने तो पहिला बार काढणार होता, आणि तो लागायलाच हवा होता.

क्लबातला डीन, हर्बर्टसारखाच मूळ वसईचा, कधीपासून खिजवत होता. "तीन सैन्यं एकत्र बांधलीस! आपसातच लढतील रे ती. गोळी कसली लागतेय!"

म्हणून सकाळी हर्बर्टने दस्त्याला चोळून चोळून तेल लावलं. तिथेच घात झाला. वसईकडच्या घरात बियरची तपकिरी बाटली कोणी फेकत नाही, तीत मसाला भरतात. लूसी लोणच्याचं तेलही गाळून तीतच ठेवायची. हर्बर्टचं लाकडाला लावायचं जवसाचं तेलसुद्धा तसल्याच बाटलीत! त्यात सर्दीने नाक बंद. उचलली ती लोणच्याची. उलटी करून शेवटचा थेंबही त्याने लाकडात जिरवला. वर खूश! "रंग काय लाल चढलाय!"

क्लबात त्याने दस्त्यावर गाल टेकला, नेम धरला, आणि गाल पेटला. त्याने डोळा चोळला. मग डोळ्याचीही भट्टी झाली! धारा लागल्या.

लूसीसाठी रडतोय असं समजून क्लबची सेक्रेटरी कॅरेन धावत आली. "ओ लव्ह, लेट इट आउट!" तिने त्याला घट्ट मिठी मारली.

"आय ॲम नॉट क्रायिंग!" हर्बर्ट गरजला.

"ऑफ कोर्स नॉट," म्हणत तिने, ज्याच्याविना बार निघत नाही तो रायफलीचा बोल्ट काढून खिशात टाकला. अशा मनःस्थितीत बार काढायचा नाही, क्लबचा नियम! अख्खा क्लब त्याची पाठ थोपटायला जमला. डीनसुद्धा विरघळला.

"रड रे, हर्बर्ट. मीच मूर्ख."

"तू मूर्ख आहेसच! पण मी रडत नाहीये, गाढवा!"

डीनने त्याचा गाल पुसला. तेच बोट चुकून स्वतःच्या ओठाला लागलं. तो थबकला. मग त्याने ते नीट चाटलं.

"अरे, हे लोणचं आहे! चिली पिकल, एव्हरीबडी!"

क्लब पोट धरून हसला. कॅरेनने हसतच बोल्ट परत दिला. आता फक्त मिरची होती, धोका काय!

हर्बर्ट हसला नाही. लोणचं म्हणजे ती बाटली. लूसीच्या हातची शेवटची. ती त्याने लाकडाला पाजली होती. त्याला हुंदका फुटला.

"अजून झोंबतंय बघा त्याला!" डीनने बागेचा पाइप सरळ त्याच्या तोंडावर सोडला. टाळ्या पडल्या. या खेपेला कोणीच पाठ थोपटली नाही.

ओलाचिंब हर्बर्ट तसाच जमिनीवर आडवा झाला. बोल्ट बसवला, दस्ता खांद्याला लावला, बार काढला. गोळी निशाणाच्या फळ्यापासून लांब मातीत गेली.

"चुकली ना बंदूक!" डीन ओरडला.

"बंदूक नाही चुकली!" हर्बर्ट नाक ओढत खेकसला. "दिसत नाही तुला? डोळ्यांत मिरची आहे माझ्या!"