खाली सही: शशिकांत

शशिकांतला ईमेलवर फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! असं खुद्द शशिकांतच सांगायचा. गोडदेवच्या एका सोसायटीचा तो सेक्रेटरी. मीटिंगमध्ये चहा येईपर्यंत त्याचं भाषण चाले, "मेलवर नाव कोणाचंही लावता येतं हो! कागदावरची सही बघा. सही खोटं बोलत नाही!"

एवढा हुशार माणूस, पण सख्ख्या बहिणीशी अबोला. आई गेली आणि तिच्या शिलाई मशीनवरून सुलूताईशी वाजलं. मशीन शशिकांतने ठेवून घेतली आणि तिच्यावर कॉम्प्युटर मांडला. भाऊबीजेला त्याच कॉम्प्युटरसमोर तो तोंड पाडून बसायचा. ताईला दोन ओळी लिहाव्यात असं फार वाटायचं, पण आधी नमतं कोण घेणार?

यंदा दिवाळीला त्याने झाडून सगळ्यांना एकच शुभेच्छा मेल धाडली, सगळ्यांचे पत्ते उघडे टाकून. त्या गर्दीत हळूच ताईचाही पत्ता घातला. ताईचं उत्तर आलं नाही. ती यादी मात्र कोणा भामट्याच्या हाती लागली.

शनिवारी सकाळीच बेल वाजली. दारात खालच्या ममताबेनचे मिस्टर, हातात मोबाईल.

"शशिकांतभाई, मेरी मिसेस को ये क्या भेजा?"

शशिकांतच्या नावाने, शशिकांतच्याच पत्त्यावरून मेल होती: 'प्रिय, मला तुझी फार आठवण येते. येथे दाबा.' दाबलं की कंबरदुखीच्या तेलाची जाहिरात!

"अहो, ये मैंने नहीं भेजा! किसीने मेरा पत्ता लगाया है!"

"नाम आपका, पत्ता आपका, और याद मेरी मिसेस की?"

"मला नाही हो कधी असलं काही आलं!" आतून बायको, हंसा, म्हणाली.

दुपारपर्यंत निम्म्या सोसायटीला शशिकांतची आठवण पोचली. लोक जिन्यात हसायला लागले. शशिकांतचं डोकं फिरलं. त्याने जाड मार्करने नोटीस लिहिली: 'माझ्या नावाने आलेली मेल खोटी आहे. मला कोणाचीही आठवण येत नाही.' खाली ऐसपैस सही.

"जरा नरम लिहा की," हंसा म्हणाली.

"नरम लिहिलं की लोक संशय घेतात!"

लिफ्टशेजारच्या काचेच्या फळ्यात नोटीस लावून त्याने कुलूप ठोकलं.

संध्याकाळी पुन्हा बेल. दारात सुलूताई! हातात करंज्यांचा डबा.

"रिक्षावाल्याने मागच्या गेटला सोडलं रे, जिना चढून दम लागला. शशी, तुझी मेल आली. माझ्या नातीने, इशिताने वाचून दाखवली." ताईचा आवाज कापत होता. "आणि तेलाचंही पाठवलंस! माझी कंबर दुखते हे तुला कोणी सांगितलं?"

शशिकांतने तोंड उघडलं. हंसाने डोळे वटारले. त्याने तोंड मिटलं. खरं सांगायचं तर त्याला रडूच येत होतं.

ताईने मशीनवरून हात फिरवला. "राहू दे तुझ्याकडेच. आईची आठवण आहे."

आठवण! शशिकांतला खालची नोटीस आठवली.

"चहाला दूध आणतो!" म्हणत तो खाली धावला. जुडग्यातली एक किल्ली लागेल तर शपथ! तो कुलपाशी झटापट करत असतानाच लिफ्टचं दार उघडलं.

"दूध कशाला रे? मी कोराच पिते हल्ली," म्हणत ताई बाहेर आली. फळ्याकडे बघून तिने चष्मा चढवला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"ती मेल तुझी नव्हती?"

"नव्हती," शशिकांत पुटपुटला.

"आणि ही सही?"

"...माझीच."

ताईने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुढच्या गेटने निघून गेली. डबा वरच राहिला.

शशिकांत काचेसमोर उभा राहिला. ही सहीसुद्धा कोणा भामट्यानेच केली असती, तर किती बरं झालं असतं!