अंबाजीची हत्यारं

कुरवंड्याच्या अंबाजीचं दार एका बिजागरीवर आलं, तेव्हा लढाईचे दिवस होते आणि डोंगरातलं वाघरू दिवेलागणीला गावाकडे उतरू लागलं होतं. घरात एकच शेळी, तीही गाभण. त्याच्या बायकोचा, झुंबरबाईचा, सारा जीव तिच्यात. दळता दळता ती गाई,

दाराच्या बिजागऱ्या, सख्ख्या जावा दोघी
एक माहेरी गेली, एकली भार भोगी

अंबाजीला टोमणा बरोबर लागला. पण तो दिवस पडला खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्यार वापरायचं नसतं, पुजायचं असतं. हातोडी, करवत, पटाशी, पक्कड, गिरमिट असं घरधन्याला लागतं तेवढं त्यानं पाटावर मांडलं, कुंकू लावलं, झेंडू वाहिला.

तेवढ्यात हवालदार आले. "काय रे हे?"

"हत्यारं हायेत, साहेब. पूजा मांडलीया."

घरात हत्यार आढळल्यास जप्त करावे, असा ताजा हुकूम हवालदारांच्या खिशात होता. हुकूम मराठीत होता, आणि दुर्दैवानं अंबाजीही मराठीतच बोलला.

रीतसर पंचनामा झाला. करवत, 'दातेरी शस्त्र, दात पुष्कळ'. गिरमिट, 'भोसकून वर फिरवण्याचे'. पक्कडीवरून पंचांत मतभेद झाले. अखेर 'छळाचे साधन' यावर एकमत झालं. झेंडूची फुलं 'शस्त्रे झाकण्याचे साहित्य' म्हणून सोबत गेली.

अंबाजी लोणावळ्याला फौजदारांपुढे उभा राहिला. "साहेब, सुताराकडं असत्यात तसलीच हत्यारं हायेत ती."

"म्हणजे सुतारही सामील?"

"न्हाई वो! दार बसवाया पायजेत."

"मग परवाना काढ. मिळेल. मात्र हत्यार ठेवायचं त्या घराला पक्कं दार हवं."

"त्येच तर बसवायचंय!"

"बसव आणि ये. सरकार कुठं अडवतंय?"

परतल्यावर तो शेजारच्या हौशीरामकडे हातोडी मागायला गेला. हौशीरामनं आधी इकडंतिकडं पाहिलं. "हातोडी? भाऊ, आमी नारळसुदिक दातानं फोडतो." साऱ्या गावाचे दात असेच एकाएकी बळकट झाले होते.

सकाळी उठून पाहतो तर उंबऱ्यापुढे गावभरच्या हातोड्यांचा न् करवतींचा ढीग.

"तुजं नाव लागल्यालंच हाय," हौशीरामनं समजूत घातली. "त्यात आमच्यानं आनकी काय वाढतंय?"

अंबाजीला त्यातही देव दिसला. त्यानं झटक्यासरशी दार बसवलं. ठोकण्याचा आवाज मात्र हवालदारांपर्यंत पोचला. ढीग जप्त झाला. बेकायदा हत्यारानं बसवलेलं म्हणून दारही पुराव्यादाखल उतरवलं, आणि दारामागोमाग अंबाजीला नेलं. 'सर्व हत्यारे अंबाजीचीच' याखाली पंच म्हणून पहिला अंगठा हौशीरामचा.

त्या संध्याकाळी वाघरू आलं. त्याच्या नखांना परवाना लागत नव्हता. झुंबरबाई ओरडली, चुलीतलं लाकूड घेऊन धावली, पण शेळी गेली ती गेलीच.

गावाला फार वाईट वाटलं. आपापली दारं आतून घट्ट लावून घेऊन सगळे उशिरापर्यंत हळहळत होते. वाचणारानंही हळहळायला हरकत नाही. आपली कडी तेवढी आधी घालून घ्यावी.