काचेची पेटी आणि तेबुआमावशीचे डोनट

सोमवारच्या बोटीने गावात दोन गोष्टी आल्या. तांदळाची पोती आणि शाळेच्या आरोइताबाईंच्या नावाचं शिक्षणखात्याचं पत्र. पोत्यांनी कुणाचं काही वाईट केलं नाही. पत्रात लिहिलं होतं, की हवामानबदल शिकवण्यासाठी आठ महिन्यांपूर्वी दिलेलं साहित्य वर्गात कसं वापरलं जातं, ते पाहायला गुरुवारी साहेब येत आहेत. बेटावरच्या तीन शाळांपैकी जिचा पाठ सर्वांत चांगला, तिला पावसाचं पाणी साठवायची मोठी टाकी मिळेल.

टाकी हवी होती यात शंका नाही. गेल्या वर्षी उधाणाचं पाणी शाळेच्या विहिरीत उतरलं, तेव्हापासून त्या पाण्यात मासे उकडले तर वेगळं मीठ घालावं लागत नसे. मुलं प्यायचं पाणी आणायला अर्धा तास चालत चर्चच्या विहिरीवर जात. समुद्र आपल्या विहिरीत का शिरला हे मुलांनी साहेबाला साहित्यानिशी समजावून दिलं, तर त्यांना गोडं पाणी मिळणार होतं. नाही जमलं, तर त्यांना तहानही लागत नसावी असं खात्याचं मत असावं.

बाईंनी कपाटावरचं साहित्याचं खोकं खाली काढलं. आत एक माहितीपुस्तिका होती आणि तिच्यावर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती.

बाकीचं साहित्य चोरीला गेलं नव्हतं. चोरी परवडली, तिची तक्रार तरी करता येते. ते बुबुसीत गेलं होतं. नातलगाने तोंड उघडून ‘बुबुसी’ म्हटलं आणि वस्तू मागितली, की ती द्यायची. नाही म्हणणाऱ्याला आमच्या बेटावर कुणी मारत नाही. नुसतं त्याच्याबद्दल बोलतात, आणि तीन पिढ्या बोलतात.

फुगवायचा पृथ्वीगोल बाईंच्या मामाने मागून घेतला आणि जाळं तरंगत ठेवायला बांधला. थर्मामीटर मेव्हण्याने नेला. तो माडाचा रस आटवून पाक करतो. भरती मोजायची रंगीत काठी चुलतभावाच्या डुकरांच्या कोंडवाड्याला अडसर म्हणून लागली. आणि जिच्यात वाळूचं बेट, पाणी आणि बर्फ ठेवून समुद्र कसा चढतो ते दाखवायचं, ती काचेची मोठी पेटी तेबुआमावशीने पहिल्याच दिवशी मागितली. मावशी धक्क्यावर डोनट विकते. काचेआड डोनट ठेवायला लागल्यापासून तिचा धंदा दुप्पट झाला आणि तोरा चौपट.

बाई मावशीकडे गेल्या.

“मावशी, ती पेटी...”

“काय गं पेटीचं?”

“गुरुवारी साहेब येतोय.”

“येऊ दे की. चार डोनट जास्तीचे तळते.”

“तसं नाही. पेटी शाळेची आहे.”

“होती. मी मागितली, तू दिलीस. आता दिलेलं परत मागायला निघालीस? हे तुला आईनं शिकवलं, का त्या पुस्तिकेत लिहिलंय?”

बाई आल्या पावली परतल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात दहा वर्षांच्या रूताने तोडगा काढला.

“बाई, तुम्हाला परत मागता येत नाही. पण आम्ही कुठं काय दिलं होतं? आमचे पण ते काका-मामाच की, आम्ही बुबुसी म्हणतो.”

बेट लहान असल्याचा एवढाच काय तो फायदा, अठराच्या अठरा मुलांचं गावात प्रत्येकाशी काहीतरी नातं होतं. मुलं घरोघर पांगली. मामा म्हणाला, “पृथ्वी कालच बुडाली. ओहोटीला शोधा.” थर्मामीटर वाळलेल्या पाकात पक्का चिकटला होता, तो मेव्हण्याने मोठ्या मनाने पातेल्यासकट दिला. मावशीकडे गेलेली तिची तीन नातवंडं रिकाम्या हाताने आली. त्यांनी काही म्हणायच्या आत तिने प्रत्येकाच्या तोंडात डोनट कोंबला होता, आणि भरल्या तोंडाने बुबुसी म्हणता येत नाही.

काठी मात्र गुरुवारी सकाळी विनातक्रार मिळाली. चुलतभावाने अडसर काढून पोराच्या हातात ठेवला आणि अडसर काढल्यावर जे व्हायचं ते झालं. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, इथे सात डुकरं होती. ती काठीच्या मागोमाग शाळेत आली.

त्याच सुमारास बाउरोसाहेब बोटीतून उतरले. माणूस आपल्यातलाच, पण परदेशात शिकून आल्यामुळे मोजे घालणारा. उतरताच त्यांना भूक लागली. मावशीच्या पेटीवरची चिठ्ठी त्यांनी मोठ्याने वाचली, “शैक्षणिक साहित्य, विक्रीसाठी नाही. म्हणजे हे विकायचे नाहीत का?”

“पेटी विकायची नाही,” मावशी म्हणाली. “डोनट घ्या.”

साहेब डोनट खात खात वर्गात आले. दोन डुकरं फळ्याखाली होती, बाकीची मागच्या बाकांवर लक्ष ठेवून होती.

“साहित्य कुठाय?” साहेबांनी विचारलं.

“तुम्ही आत्ता ज्यातनं डोनट घेतला ना, ते,” रूता म्हणाली.

“बरं. समुद्र का चढतो?”

“धूर वाढला की हवा तापते, हवेनं पाणी तापतं, तापलं की फुगतं. लांबच्या जमिनीवरचा बर्फ वितळून येतो तो वेगळाच. धूर आमचा नाही हां. आमच्याकडं दोनच मोटारसायकली आहेत आणि त्यातली एक बंद आहे.”

“हे पुस्तिकेत आहे?”

“पुस्तिका कोंबडीखाली आहे. आम्हाला बाईंनी शिकवलं.” तिने विहिरीच्या पाण्याचा पेला पुढे केला. “आणि हे त्याचं साहित्य. प्या.”

साहेबांनी घोट घेतला. पाहुण्याने थुंकायचं नसतं, म्हणून गिळला. मग फॉर्म काढला. फॉर्मवर विहिरीच्या चवीचा रकाना नव्हता. साहित्याचा होता, दहापैकी गुणांचा. त्यात त्यांनी शून्य भरलं. बाईंना ते समोरून उलटं वाचूनही शून्यच दिसलं. त्यांना साहेबाचा राग आला, मावशीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या भिडेचा आला.

तरी पाहुण्याला उपाशी लावून देण्याची पद्धत नाही, मग तो शून्य देऊन का जाईना. गावच्या मानेआबात, मोठ्या छपराखाली, म्हातारी मंडळी चटयांवर बसली. रूताकडून शून्याची बातमी कळली तशी मावशी उठली आणि साहेबांच्या समोर जाऊन बसली. डोनटचं पीठ तीही चर्चच्याच विहिरीच्या पाण्यात भिजवते.

“आई कुठली हो तुमची?”

“मी राजधानीचा, तारावाचा,” साहेब सावधपणे म्हणाले. सरकारी नोकरीत माणूस आधी आजोळ लपवायला शिकतो.

“तुमचं नाही विचारलं. आईचं.”

“मायाना बेटाची.”

“आणि तिची आई?”

साहेब माशाचा काटा बराच वेळ शोधत राहिले. “इकडचीच कुठली तरी म्हणे.”

“नाव असेल की काहीतरी.”

“बेनाता.”

मावशीने हातातला घास खाली ठेवला. “बेनाता माझ्या आईची धाकटी बहीण. म्हणजे तुझी आई माझी मावसबहीण. अरे, तू तर माझा भाचा निघालास.” आणि साहेबांना सावरायला वेळ न देता ती म्हणाली, “बाउरो, बाळा, बुबुसी. ती टाकी आमच्या शाळेला दे.”

साहेबांनी फॉर्मकडे पाहिलं, मग चाळीस म्हाताऱ्यांकडे. तीन पिढ्या त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

“दिली, मावशी.”

शून्य खोडावंही लागलं नाही, त्याच्याआधी एक लिहिला की झालं. ‘साहित्य समाजाच्या उपयोगात आहे का?’ या प्रश्नापुढे त्यांनी ‘पूर्णपणे’ असं लिहिलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. बाईंना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

मग साहेब हात धुऊन मावशीशेजारी येऊन बसले.

“मावशी, नातं निघालंच आहे तर माझीही एक बुबुसी.”

“बोल की, बाळा.”

“ती काचेची पेटी. तारावाला माझी बायको, म्हणजे तुझी सूनच, डोनट विकते.”

बाईंनी मान खाली घालून ताटातला भात मोजायला घेतला.

तीन महिन्यांनी टाकी आली, पाऊसही आला. पहिला पेला मुलांनी मावशीला नेऊन दिला. ती धक्क्यावर जुन्या पत्र्याच्या घमेल्यात डोनट मांडून बसली होती.

“गोड आहे ना पाणी?” बाईंनी विचारलं.

“पाणी गोड आहे गं,” मावशी माश्या हाकलत म्हणाली. “त्याची आजी शोधायला जरा घाई झाली.”