हळदी साडी आणि गोंदियातला समुद्र

माशाचा फोटो काढायचा होता, आणि मी पावडर लावून गेले. वर हळदी रंगाची कोरी साडी. नातवंडांना सांगते तेव्हा ती पोट धरून हसतात, पण पन्नाशी उलटलेली बाई तेव्हा खरंच इतकी बावळट होती. रहांगडाले भाऊजींनी दोनदा बजावलं होतं, "वहिनी, काळं नाहीतर गडद घालून येजा. फिकं टाकीच्या काचेत दिसते." मी मनात म्हटलं, फोटोच्या दिवशी काळं कोण नेसतं!

भाऊजी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. रेल्वेनं झेंडी परत घेतली, सवय घेतली नाही. आमच्या दारात उभं राहून विचारायचे, "लाइन क्लिअर?" आतून "क्लिअर!" आल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. एकदा तर सत्यनारायणाच्या प्रसादाला हात पुढं करतानाही भटजींना तेच विचारलं.

अशा माणसाच्या बैठकीत समुद्र होता. आमच्याकडं मोठं पाणी म्हणजे तलाव. यांच्याकडं काचेच्या टाकीत खारं पाणी, निळा दिवा, एक नारिंगी मासा आणि दगडांवर डोलणारे जिवंत प्रवाळ. पहिल्यांदा पाहून मी म्हटलं, "प्लास्टिकची फुलं छान आहेत." दोन दिवस बोलले नाहीत.

टाकी मुळात त्यांच्या मुलाची, नीलेशची. कॉलेजात असताना हौसेनं मांडली, आणि नोकरी लागताच कॅनडाला गेला. आई आधीच वारलेली. राहिले भाऊजी आणि टाकी. ते नागपूरहून समुद्री मीठ आणून पाणी कालवायला शिकले. उन्हाळ्यात लोडशेडिंग झालं की इन्व्हर्टरवर एकच पंखा चालायचा, तोही टाकीच्या पाण्यावर. हे स्वतः घामानं निथळत बसलेले.

रविवारी नीलेशचा फोन यायचा. भिंत पातळ आणि माझे कान तयार. "मासा बरा हाय. पानी बराबर खारं हाय. हो, ठेव." झालं, संपला फोन.

एका रविवारी भाऊजी आमच्या घरात सरळ शिरले. लाइन क्लिअर विचारलं नाही, तेव्हाच मी चरकले.

"पोरगा म्हनते, टाकी विकून टाका, कायले त्रास घेता. मी म्हटलं, मस्त चालून राहिली. तं म्हनते, फोटो पाठवा, पाहू दे." मग खाली बघून म्हणाले, "वहिनी, टाकी गेली तं तो माझ्यासंग बोलन कायच्यावर?"

म्हणून कॅमेरा घ्यायचा ठरला. पेन्शनीत बसेल असा. जाणकार म्हणून मी सोबत. माझी जाणकारी अशी की घरातल्या प्रत्येक लग्नात मी फोटो काढलेत, आणि एकाही नवरदेवाला डोकं नाही.

मला लाल रंगाचा आवडला. दुकानदार म्हणाला, "अंकल, बारह मेगापिक्सल है, ज़ूम भी तगड़ा है."

भाऊजींनी खिशातून मोहरीचा दाणा काढून काउंटरवर ठेवला. दुसऱ्या खिशातून निळा कागद लावलेली टॉर्च काढून त्यावर धरली. "याचा फोटो काढा. टाकीत असाच निळा उजेड हाय."

दाणा आला तो बुंदीच्या लाडवासारखा, धूसर, वर शाईत बुडवलेला.

"मासा हातभर अंतरावर हाय बावा," भाऊजी म्हणाले, "दुर्बीन काऊन देऊन राहिले?"

असे तीन दुकानदार वैतागले. चौथ्याकडं शोकेसमध्ये एक जुनं मॉडेल पडून होतं, कोपरा घासलेलं, म्हणून स्वस्त. त्यात जवळच्या फोटोसाठी फुलाचं चिन्ह होतं, आणि निळ्या उजेडातही रंग खरे यावेत म्हणून पांढरा कोणता ते कॅमेऱ्याला शिकवायची सोय. दाण्यावरची सुरकुतीसुद्धा आली. भाऊजी दाण्याकडं असे पाहत राहिले, जणू तो त्यांनीच पेरला होता.

फोटोच्या दिवशी प्रवाळ हलू नयेत म्हणून पंप बंद केला. खिडक्यांना चादरी लावल्या, फ्लॅशवर चिकटपट्टी. उपड्या पायलीवर तांदळाची पुरचुंडी, तिच्यावर कॅमेरा. मी उशिराच पोचले, नटून. अंधारात त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. मागं उभी राहून दाराचा पडदा घट्ट धरणं एवढंच माझं काम.

"लाइन क्लिअर?"

"क्लिअर!" मी ओरडले.

सायबर कॅफेत फोटो पडद्यावर आला. प्रवाळाचा कण न् कण स्पष्ट, नारिंगी माशाचे पट्टे लखलखीत. आणि मधोमध, काचेत, मी. हळदीसारखी पिवळी, पावडर फासलेली, "क्लिअर" म्हणताना उघडलेलं तोंड, आणि मासा नेमका तोंडात शिरतोय.

"पुसा तो! दुसरा काढू!"

"पोराले आजच धाडतो म्हटलं जी," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी तो धाडला.

आठवडाभर मी तोंड लपवून होते. अख्खा कॅनडा मला हसतोय असं वाटायचं. रविवारी पलीकडं फोन वाजला. लाजेनं मी भिंतीपासून लांब, स्वयंपाकघरात. कुकर झाला, वरणाला फोडणी दिली, तरी पलीकडं बोलणं चालूच. मधेच हसणं. भाऊजींचं हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग ते दारात आले. "लाइन क्लिअर?"

"क्लिअर. काय म्हणाला? हसला ना मला?"

"लय हसला. मासा इचारलाच नाही त्यानं. काकू कशी हाय, बाबा तुमी जेवता कोठं, अन फोटोत तुमी काऊन नाही, हेच इचारत होता." गळ्यातल्या पंच्यानं त्यांनी तोंड पुसलं. "वहिनी, पुढच्या फोटोले बी तेच पिवळं लुगडं नेसून येजा. अन मी कोठं उभा राहू, तेवढं सांगा."