पिछाडी बरखास्त

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी विकस्टोन सायकल क्लबाची स्नेहसहल बाजारचौकातल्या घड्याळाखाली वेळेवर जमली. पाऊस भुरभुरत होता. हवा त्या मानानं फारच चांगली आहे यावर सर्वांचं एकमत झालं, आणि क्लबाच्या रिवाजाप्रमाणे त्या मताशी प्रत्येकजण पुन्हा एकदा सहमत झाला.

क्लिफर्ड बेल्शॉ तर तिसऱ्यांदाही झाला. त्याला ते भागच होतं, कारण तो अजून तात्पुरता सभासद होता. कायम होण्यासाठी तीन सहलींत आपण माणूस म्हणून बरे आहोत हे दाखवून द्यावं लागे. पहिल्या सहलीत एका उतारावर त्याची सायकल आपसूक म्होरक्याच्या पुढे गेली आणि त्याच्यावर ‘महत्त्वाकांक्षी’ असा शेरा बसला. दुसऱ्या सहलीत चहाबरोबरचा स्कोन कोरडा आहे असं तो म्हणून गेला. स्कोन खरोखरच कोरडा होता, त्यामुळे ‘स्पष्टवक्ता’ हा शेरा जास्त गंभीर मानला गेला. आजची सहल तिसरी. क्लबात कुणालाही नकार म्हणून देत नसत. पुढच्या सहलीची तारीख कळवायला विसरत, एवढंच.

गॅस कंपनीत मीटर तपासण्यात उभी हयात घालवून क्लिफर्ड निवृत्त झाला होता. पहिल्या महिन्यात त्यानं बायकोच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या, दुसऱ्या महिन्यात रंगाप्रमाणे. मग मॉरीननंच त्याला क्लबाचा पत्ता शोधून दिला. पण आता त्याला तिथं जायचं खरं कारण निराळं होतं. आपलं नाव घेऊन हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं आहे आणि तेही काहीतरी सांडल्यावरच हाक मारतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. क्लबात सगळे त्याला ‘मॉर्निंग, क्लिफर्ड’ म्हणत. तेवढ्यासाठी तो पावसात कितीही वेळ उभा राहिला असता.

निघण्यापूर्वी मिसेस पोर्टियस बोलायला उभ्या राहिल्या. त्या क्लबाच्या चिटणीस, आजच्या सहलीच्या म्होरक्या आणि निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि यातली शेवटची जबाबदारी त्यांनी अजून खाली ठेवलेली नव्हती.

इथं क्लबाचा सातवा नियम सांगायला हवा. श्रॉपशरमधल्या त्या भागातले गावरस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना डोक्यावरून उंच कुंपणं. पुढचा माणूस वळला की दिसेनासा होतो. म्हणून प्रत्येक वळणावर म्होरक्याच्या लगेच मागच्या माणसानं उतरायचं आणि हात लांब करून दिशा दाखवत उभं राहायचं. त्याला म्हणत वळणरक्षक. शेवटचा माणूस येऊन ‘मी शेवटचा, चला’ म्हणाला की वळणरक्षक मोकळा. शेवटच्या माणसाला पिछाडीप्रमुख म्हणत, आणि तीस वर्षं तो मान पिवळं जाकीट घालून म्हाताऱ्या आल्फ हगेटनं सांभाळला होता. त्या काळात क्लबाचं एकही माणूस हरवलं नाही.

मिसेस पोर्टियस म्हणाल्या, की माणसाला शेवटचा म्हणणं त्याच्या प्रतिष्ठेला बाधक आहे, असं समितीला एका शिबिरात समजलं. समितीला रात्रभर झोप लागली नाही. तरी आजपासून विकस्टोन क्लबात शेवटचं असं कोणी असणार नाही, आणि पिछाडीप्रमुखाचं पद बरखास्त करण्यात येत आहे. टाळ्या झाल्या. आल्फला चौकटीत बसवलेलं मानपत्र दिलं आणि त्याचं पिवळं जाकीट काढून घेतलं.

मग मी रांगेत राहायचं कुठं, असं आल्फनं विचारलं. “कुठंही, आल्फ,” मिसेस पोर्टियस मायेनं म्हणाल्या. “तुम्ही आता मुक्त आहात.”

क्लिफर्डनं हात वर केला होता. झडप एका बाजूनं बंद केली की दुसऱ्या बाजूला काय होतं, हे त्याला धंद्यानं ठाऊक होतं. शेवटचा माणूस रद्द झाला. पण सातव्या नियमाचं काय? तो तर वार्षिक सभेखेरीज बदलता येत नाही आणि सभा नोव्हेंबरात. प्रश्न ओठांवर आला, तेवढ्यात त्याला ‘स्पष्टवक्ता’ आठवला. वर केलेल्या हातानं त्यानं हेल्मेट नीट केलं.

पहिल्या वळणावर एकजण उभा राहिला, दुसऱ्यावर दुसरा. तिसरं वळण नेमकं क्लिफर्डच्या घरासमोर होतं आणि मिसेस पोर्टियसच्या नजरेत राहावं म्हणून तो नेमका त्यांच्या मागे होता. तो उतरला आणि त्यानं डावा हात लांब केला. पलीकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत मॉरीन बटाटे सोलत होती. एकामागून एक सायकली गेल्या आणि प्रत्येकजण ‘थँक्यू, क्लिफर्ड’ म्हणाला. इतक्या थोड्या वेळात आपलं नाव इतक्यांदा त्यानं आजवर ऐकलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं आल्फ आला, मानपत्र मागच्या कॅरियरला बांधून.

“आल्फ, तुम्ही शेवटचे ना?”

“आज सकाळपर्यंत होतो.”

“पण तुमच्या मागे कुणीच नाही.”

“मागे कुणी नसलं की माणूस शेवटचा, असं आता राहिलेलं नाही बाबा. लेखी दिलंय मला, काचेसकट.” आल्फनं एक पाय जमिनीवर टेकला. “तू म्हण की. माझ्या मागून ये, आणि प्रत्येक वळणावर सांगत ये, मी शेवटचा. सगळे सुटतील.”

क्लिफर्डनं विचार केला. तिसरी सहल, तात्पुरता सभासद, आणि नव्या धोरणाच्या पहिल्याच दिवशी स्वतःला चारचौघांत शेवटचा म्हणवणारा. “माझ्या तोंडी ते बरं दिसणार नाही,” तो म्हणाला.

“आणि माझ्या तोंडी दिसेल होय?” असं म्हणून आल्फ, मुक्त असल्यामुळे, दारूच्या गुत्त्याकडे वळला.

यानंतर गाड्या येऊ लागल्या. रस्त्याच्या कडेला हात लांब करून उभा माणूस दिसला, की आमच्याकडे गाडी त्या बाजूला वळवतात. का, असं विचारणं म्हणजे उगाच त्या माणसावर अविश्वास दाखवणं. पहिल्यांदा पावाची गाडी डावीकडे गेली. मग चर्चच्या गायकवृंदाची छोटी बस गेली. पुढची प्रार्थना वास्तविक उजवीकडच्या गावात होती. मग ट्रॅक्टर घेऊन एक शेतकरी आला. त्याचं स्वतःचं शेत उजवीकडे होतं, ट्रॅक्टरवरून दिसत होतं. त्यानं शेताकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि तो डावीकडे गेला. पुढच्या वळणावर पुढचा हात होता, त्यापुढे आणखी एक. सर्व सभासद आपापल्या वळणावर ठाम उभे होते, आणि सगळ्या हातांचा मिळून एकच अर्थ होता: हर्स्टन गावच्या रोपवाटिकेतलं चहागृह, जिथं क्लबासाठी मोठं टेबल राखून ठेवलेलं होतं.

दुपारी रस्तेखात्याचा रविवारच्या पाळीवरचा अधिकारी आला. वाहतूक सगळी एकाच बाजूला का लागली, याची चौकशी त्याच्याकडे आली होती. त्यानं क्लिफर्डला हलायला सांगितलं. आपल्याला हलायची मुभा नाही, असं क्लिफर्डनं नम्रपणे सांगितलं. अधिकाऱ्यानं विचार केला. रस्त्याच्या कडेला जे उभं असतं, दिशा दाखवतं आणि हलत नाही, ते खात्याच्या व्याख्येप्रमाणे पाटी ठरतं. माणूस असता तर लगेच हटवता आला असता. पाटी हटवायची तर गावकऱ्यांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्यानं क्लिफर्डची उंची मोजली, ती किंचित कमी भरली, पण जुन्या पाट्यांना सवलत असते. ‘सुस्थितीत’ असा शेरा मारून तो गाडीत बसला आणि डावीकडे गेला. त्याचं कार्यालय उजवीकडे होतं.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर मॉरीन एप्रनला हात पुसत फाटकाशी आली.

“जेवायला चल.”

“येता येत नाही.”

“अरे, घर हे समोर आहे.”

“अंतराचा प्रश्न नाही, मॉरीन.”

मग त्यानं तिला सगळं समजावलं. ती पूर्वी गॅसच्या झडपांबद्दल ऐकायची तशीच शांतपणे ऐकत राहिली. म्हणजे सायकलवरून कुणीतरी यायचं आणि शेवटची म्हणायचं, एवढंच ना, असं तिनं विचारलं. एवढंच, असं तो म्हणाला. ती आत गेली. थोड्या वेळानं लेकीची जुनी, टोपली लावलेली सायकल घेऊन ती फाटकातून एप्रनसकट बाहेर पडली, रस्ता ओलांडून त्याच्यापुढे आली आणि एक पाय टेकून म्हणाली, “मी शेवटची. चला.”

तिला त्यात काडीची लाज वाटली नाही. क्लिफर्डचा हात वीतभर खाली आला, आणि थांबला.

“पण तू सभासद नाहीस.”

“मी तुझी बायको आहे.”

“तशी तरतूद नाही.”

मॉरीन सायकलवरून उतरली. “फुगलेलं पुडिंग खाली बसलं, क्लिफर्ड,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत माझं यॉर्कशायर पुडिंग कधी बसलं होतं का?”

बसलं नव्हतं. तरी क्लिफर्डचा हात परत वर गेला. सहल अजून संपलेली नव्हती, आणि आज त्याच्या हातून एकही चूक झालेली नव्हती.

तुझ्या त्या पोर्टियसबाईला आता मीच विचारते, नवरा उन्हापावसात उभा करून ठेवायला तो काय कुंपणाचा खांब आहे का, असं म्हणून मॉरीननं गाडी बाहेर काढली. बाई कुठं भेटतील हे विचारायला तिनं काच खाली केली. मग त्याच्या हाताकडे पाहून काच वर केली आणि ती डावीकडे वळली.

ती परतली तेव्हा उजेड उतरला होता. तिच्या कोटावर क्लबाचा बिल्ला होता.

चहागृहात काय झालं ते तिनं गाडीतूनच सांगितलं. मिसेस पोर्टियस तिथं एकट्याच पोचल्या होत्या. पण त्या जराही डगमगल्या नाहीत. सहलीत कुणी मागे पडलेलं नव्हतं, प्रत्येकजण आपल्या जागी होता. फक्त टेबल रिकामं दिसत होतं. तेवढ्यात पाववाला आला, गायकवृंद आला, शेतकरी आला, रस्तेखात्याचा माणूस आला. रांग दिसली म्हणून ते रांगेत उभे राहिले आणि खुर्च्या दिसल्या म्हणून बसले. ज्यानं सगळा मार्ग बिनचूक पार केला आणि निमूट चहा घेतला त्याला तीन सहलींची अट नाही, असा नियमच आहे. त्या सर्वांना तिथल्या तिथं कायम केलं. इतकी उपस्थिती क्लबाच्या इतिहासात नव्हती.

“तू भांडायला गेली होतीस,” क्लिफर्ड म्हणाला.

“गेले होते. पण मी दारात पाऊल टाकलं आणि सगळे एकदम ‘ये, मॉरीन’ म्हणाले. नाव घेऊन.” तिनं कोटावरचा बिल्ला सरळ केला. “नाव घेऊन, अरे.”

क्लिफर्डला ते कळलं. जगात ते कळणारा त्याच्याहून लायक माणूस नव्हता. मग त्यानं जपून स्वतःचं विचारलं. तुझं मी विचारलं होतं, असं मॉरीन म्हणाली. पण जो चहाला येत नाही त्याला स्नेह आहे असं कसं म्हणणार? मिसेस पोर्टियसना वाईट वाटलं. ‘एकलकोंडा’ असा शेरा झाला.

कुंपणापलीकडे मेंढ्या ओरडत होत्या. क्लिफर्डचा खांदा केव्हाच बधिर झाला होता. अजून एक वाट उरली आहे, हे एकाएकी त्याच्या लक्षात आलं.

“मॉरीन, तू आता कायम सभासद आहेस.”

“आहे.”

“मग तू म्हणू शकतेस. दुपारी म्हणालीस तसं. मी शेवटची, म्हण. मी आत येतो.”

मॉरीननं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मिसेस पोर्टियसच्या चेहऱ्यावर असायची ती माया होती.

“असं कसं म्हणू, क्लिफर्ड? आमच्यात शेवटचं कोणी नसतं.”

तिनं जेवण गरम करून ताट फाटकाच्या खांबावर आणून ठेवलं, आणि उजव्या हातानं तो जेवला.

विकस्टोन क्लबात सध्या जागा आहेत. प्रवेशाला सायकल लागत नाही, ती चालवता येण्याचीही अट नाही. दाखवल्या बाजूला काही न विचारता वळता आलं की पुरे. आणि ते तुम्हाला येतंच. नाहीतर इथपर्यंत कसे पोचला असता? बसा. चहा येतोय.