चांदभाईचा दोन टन कांदा

रजियाने चौथं खोकं उघडलं आणि काही न बोलता ते नवऱ्यापुढे सरकवलं. हे लक्षण चांगलं नव्हतं. पहिल्या तीन खोक्यांच्या वेळी ती निदान बोलली होती.

"किती फुटल्या?" चांदभाईने विचारलं.

"फुटल्या म्हनू नये, वाढल्या म्हनावं. मनियाराच्या घरात जन्म गेला, आन् एवढंबी ठाऊक न्हाई." तिने हिरव्या काचेचा चुरा सुपात ओतला. "सतरा डझन वाढल्यात."

मिरजगावात बांगड्यांचा धंदा खरं तर रजियाचाच. माल ती निवडायची, आठवडे बाजार ती करायची, आणि समोरच्या बाईच्या हाताला कोणतं माप चढेल ते तिला लांबूनच कळायचं. चांदभाईकडे पिकअप होती. ती चालवायची आणि बाजारात पोचलं की गाडीपासून चार हात लांब, चहाच्या टपरीवर बसायचं, एवढंच त्याचं काम. लांब बसायचं कारण तो कोणाला सांगत नसे. गाडी चालवणाऱ्या दहा गड्यांत 'बांगडीवाला' म्हणवून घ्यायला त्याला कसंतरीच व्हायचं.

"पुढच्या बुधवारी टेकवस्ती हाय," रजिया म्हणाली. "रतनमावशीच्या नातीचं, ज्ञानेश्वरीचं लगीन. अख्ख्या वस्तीचा चुडा आपल्याकडं. दोनशे डझन. मागच्या लग्नात तिथं काय झालं ते ध्यानात हाय ना?"

चांदभाईच्या चांगलंच ध्यानात होतं. टेकवस्ती पाथर्डीकडच्या डोंगरात. तिथला शेवटचा तीन किलोमीटरचा रस्ता हा केवळ लोक त्याला रस्ता म्हणतात म्हणूनच रस्ता. गेल्या साली त्या रस्त्यात इतका माल गेला की नवरीच्या एका हातात हिरव्या आणि दुसऱ्या हातात पोपटी बांगड्या भराव्या लागल्या. फोटोत अजून दिसतं.

"ह्या टायमाला तसं झालं, तर मी त्या वस्तीवर पाय ठेवायची न्हाई," रजियाने निर्वाणीचं सांगितलं.

"गाडीच ठेंगनी हाय, तिला काय करनार? दगडाला पोट घासतं," चांदभाई म्हणाला. "गाडी उचलून घेतो. शॉकअपबी नवे टाकतो. मग बघ, पाळन्यातून नेल्यासारखा नेतो माल."

दुसऱ्याच दिवशी तो नगरला गेला. तिथल्या गाडीच्या सामानाच्या काचबंद दुकानात भिंतीवर एक पिकअप डोंगराच्या टोकावर उभी असल्याचं चित्र होतं. टाय लावलेल्या माणसाने त्याला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि मग उंची वाढवायच्या तयार संचाची किंमत सांगितली. चांदभाई ते पाणी सगळं प्यायला, कारण तेवढंच फुकट होतं, आणि घरी आला. पुढचे दोन दिवस त्याने मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एक जण म्हणत होता, मागे ठोकळे घाला. दुसरा म्हणत होता, ठोकळे घालील तो पस्तावेल. तिसरा गाडी दाखवायची सोडून स्वतःलाच दाखवत होता.

शेवटी तो हायवेच्या कडेला अंगद मिस्त्रीच्या गॅरेजवर गेला. अंगदचा हात स्वस्त आणि कामाला पक्का. तो गाडीखाली पाठीवर पडल्या पडल्याच बोलायचा.

"मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत पानं वाढवू, खाली ठोकळे देऊ, शॉकअप नवे. चार इंच वर येईल," गाडीखालून आवाज आला. "पन आधी एक सांग. गाडीत काय वाहतूस? त्या हिशेबानं पानं घालाया लागतील."

प्रश्न अगदी साधा होता. पण बाकड्यावर छगन बसला होता. छगन म्हणजे आचारी लोकांचा भांडीकुंडी वाहणारा टेम्पोवाला, मिशा वर वळवलेल्या, आवाज हॉर्नसारखा. त्याने बशीतला चहा थांबवून चांदभाईकडे पाहिलं.

"कांदा," चांदभाई म्हणाला.

"किती?"

"दोन टन."

"दोन टन?" अंगद गाडीखालून अर्धा बाहेर आला. "ह्या गाडीत?"

"कधी कधी जास्तबी असतो," चांदभाई म्हणाला. सुरुवात झाल्यावर मागे हटणं त्याला जमलं नाही.

"वाघ हाय गडी!" छगन म्हणाला आणि चहा संपवला.

अंगदने मान हलवली. भंगारातून आणलेल्या मोठ्या ट्रकच्या पाट्यातली पानं कापून त्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन बसवली, ठोकळे घातले, शॉकअप टाकले. संध्याकाळी गाडी गॅरेजमधून निघाली ती मागून अशी वर आली होती की जणू नमाजाला झुकली आहे. चांदभाईला ती फार देखणी वाटली.

घरी आल्यावर देखणेपण कमी व्हायला लागलं. आधी गाडी पत्र्याच्या शेडखाली जाईना. हौद्यावरची लोखंडी कमान पत्र्याला लागली आणि वरचा एक पत्रा शेजारच्या कोंबड्यांत जाऊन पडला. मग रजिया हौद्यात चढायला गेली. तिने एक पाय वर टाकला, दुसरा खालीच राहिला, आणि तशीच अधांतरी उभी राहून ती म्हणाली, "मेहरीनचे अब्बा, मी चढू का उतरू, ते तरी सांगा."

त्याने घरातून स्टूल आणलं.

खरी गंमत चाचणीला झाली. जुन्या मालाचं एक खोकं हौद्यात ठेवून दोघं गावाबाहेर चक्कर मारायला गेली. पहिल्या खड्ड्यात गाडी बकरीसारखी उडाली. दुसऱ्या खड्ड्यात रजियाचं डोकं टपाला लागलं. तिसरा खड्डा नव्हताच, नुसती डांबराची चीर होती, तरी गाडी उडाली. परत येऊन खोकं उघडलं, तर आत मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चांदभाईने अंगदला फोन लावला.

"मग? कांदा भरला का?" अंगद म्हणाला.

"न्हाई, रिकामीच फिरवली."

"मग उडनारच की! दोन टनाचे पाटे हायत ते. वजन पडल्याबिगर वाकत्यात व्हय? कांदा भर, लोण्यागत चालंल. आन् ऐक, मी सासरवाडीला राहाता गावी आलोय. गुरवारी येतो."

लग्नाचा चुडा होता बुधवारी.

"काय म्हनला?" रजियाने विचारलं.

"वजन टाका म्हनला."

"मिस्त्रीला ठाऊक न्हाई का आपन बांगड्या वाहतो ते?"

चांदभाईला खोकला आला.

बुधवारी सकाळी त्याने हौद्यात वाळूची चार पोती टाकली. त्यावर घरातल्या सगळ्या गाद्या, गाद्यांवर दोनशे डझन बांगड्या, आणि बांगड्यांवर रजियाची दुलई. गाडी माणसाच्या चालीने निघाली. वाटेत एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि वळून पाहिलं. चार पोत्यांचं गाडीला काहीच वाटत नव्हतं. प्रत्येक उडीबरोबर मागून 'किण्ण' असा आवाज यायचा आणि रजिया डोळे मिटून घ्यायची. टेकवस्तीचा चढ यायच्या आत तिने नऊ वेळा डोळे मिटले. चांदभाईने मोजलं होतं.

चढाच्या तोंडाशी रस्ता अडला होता. मधोमध एक टेम्पो उभा, खाली काळ्या तेलाचं थारोळं, आणि दगडावर डोकं धरून बसलेला छगन.

"चेंबर फुटलं," छगन उठत म्हणाला. त्याचा हॉर्न बसला होता. "दगडावर पोट आपटलं. आत पातेली हायत, सिलेंडर हायत, तांदूळ, साखर, पिठाची पोती. वर हळदीचं जेवन हाय, चारशे मानूस. रतनबाईचा तीनदा फोन आला." मग त्याची नजर चांदभाईच्या उंच गाडीवर गेली आणि चेहरा उजळला. "तुझी गाडी चढंल! दोन टन वाहतीया ती. भाऊ, तुझा कांदा हितं उतरव, म्या राखनीला बसतो. माझा माल तेवढा वर पोचव."

"कसला कांदा?" रजियाने विचारलं.

चांदभाईने तिच्याकडे पाहिलं. मग छगनकडे पाहिलं. वर वस्तीवरून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता. चारशे माणसं उपाशी राहतील, हा विचार एका बाजूला होता आणि छगनच्या मिशा दुसऱ्या बाजूला. त्याने खाली उतरून हौद्यावरची दुलई ओढली.

"कांदा न्हाई," तो म्हणाला. "कधीच नव्हता. बांगड्या हायत. आमी बांगड्याच विकतो."

छगन खोक्यांकडे बघत राहिला. तो हसला नाही. त्याने फक्त मान डोलावली, काहीतरी मनात धरल्यासारखी, आणि पहिलं पातेलं उचललं.

वाळू रस्त्याकडेला उतरली. तळाला पिठाची आणि तांदळाची पोती गेली, मग सिलेंडर, पातेली, साखर. एकेक नग पडत होता तशी गाडी मागून खाली बसत होती. शेवटच्या पोत्याला ती नीट समपातळीत आली. रिकामा टेम्पो दोघांनी ढकलून कडेला लावला. पिठाच्या पोत्यांमध्ये गादी घालून रजियाने खोकी बसवली आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या गाडीकडे कौतुकाने पाहिलं.

गाडी चढाला लागली. चांदभाईने दात आवळले होते. पहिला दगड आला आणि पोटाखालून गुपचूप निघून गेला. दुसरा खड्डा आला. गाडी हळूच वाकली, हळूच वर आली. 'किण्ण' झालं नाही. छगन मागे पातेल्यांवर बसला होता. तो ओरडला, "आरं, ही गाडी हाय का होडी!" रजियाने तीन किलोमीटरमध्ये एकदाही डोळे मिटले नाहीत.

रतनबाई मांडवाच्या दारातच उभी होती. सत्तरीची, कडक नऊवारीतली बाई. तिने आधी पातेली मोजून घेतली, मग रजियाला हाताला धरून आत नेलं. खोकी उघडली. दोनशे डझनांत फक्त अकरा बांगड्या गेल्या होत्या, त्याही खालच्या सडकेवरच्या. ज्ञानेश्वरीच्या दोन्ही हातांत एकाच हिरव्या रंगाचा चुडा चढला, तेव्हा रजियाने पदराने घाम पुसला आणि तसंच थोडं डोळ्यांवरूनही पुसून घेतलं.

"चांदभाई, तुजी गाडी आमच्या वाटंला चढती, ह्ये आज कळालं," रतनबाई म्हणाली. "हितली ज्वारी, मटकी बाजाराला न्यायाला कुनी गाडी घालत न्हाई. तू बांगड्या घिऊन येत जा आन् आमची पोती घिऊन जात जा. लग्नाचा गलबला संपला की पैल्या खेपेचं बोलू."

चांदभाईने अंगदला फोन करून सांगितलं, पानं काढायची नाहीत. अंगद म्हणाला, मी कधी म्हटलं होतं काढू म्हणून.

मांडवात बांगड्या भरायला बायकांची रांग लागली होती आणि रजिया एकटीच. "मेहरीनचे अब्बा, मापं तरी काढून द्या!" तिने हाक मारली. चांदभाई सवयीने गाडीआड सरकला होता. तिथे छगन आधीच उभा होता, इकडेतिकडे बघत.

"एक इचारू का?" छगन दबक्या आवाजात म्हणाला. "बायको दिवाळीपासनं बांगड्या मागतीया. दुकानात समद्या बायाच. म्या दोनदा दारापत्तूर जाऊन तंबाखूची पुडी घिऊन माघारी आलो. तिला आवडंल असा माल हाय का तुझ्याकडं?"

"माप किती?"

"माप कुनाला ठाऊक?" छगनने खिशातून एक जुनं बेअरिंग काढलं. "ह्यातनं तिचा हात जातो. एकदा गाडी उघडली व्हती, तवा बघितलंय."

चांदभाईने बेअरिंग हातात घेतलं आणि एकदा डोळ्यांसमोर धरलं. मोजपट्टी लागली नाही. इतकी वर्षं चार हात लांब बसूनही त्याला माप कळत होतं, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"दोन-सहा," तो म्हणाला, अगदी मांडवभर ऐकू जाईल असं.

रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. छगन कानापर्यंत लाल झाला. चांदभाईने आवाज कमी केला नाही. तो रजियाच्या शेजारी जाऊन सतरंजीवर मांडी घालून बसला, एक खोकं पुढ्यात ओढलं आणि म्हणाला, "ये, बस असा. वहिनी गोऱ्या हायत का सावळ्या, ते सांग आधी."

छगनने एकदा मागे पाहिलं, मिशांवरून हात फिरवला, आणि तो रांगेत बसला.